उद्योगाच्या छपरावर सौरवीज: बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी आखणीची पद्धत

उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपच्या मालकांनी मागच्या उन्हाळ्यात चार कंत्राटदारांची कोटेशनं माझ्यासमोर टेबलावर पसरली. एकाने २५ किलोवॅट सुचवले होते, दुसऱ्याने ४०, तिसऱ्याने ६० आणि चौथ्याने ७५. चौघांनीही छपराची लांबी-रुंदी टेपने मोजून नेली होती, पण मागच्या बारा महिन्यांची लाईट बिलं एकानेही मागितली नव्हती. छपरावर किती पॅनेल मावतात हा आखणीतला शेवटून दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आपण वीज कोणत्या वेळी वापरतो आणि त्या विजेच्या एका युनिटमागे आपले नेमके किती पैसे वाचणार आहेत, हा आहे. पुढची सगळी मांडणी याच क्रमाने केली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी, कारण सीमाभागात तिच्यावरून फार गोंधळ होतो. आपल्याकडे मराठीतून मिळणारी सौरविषयक माहिती बहुतेक कोल्हापूर, सांगली, पुण्याकडून येते आणि ती महावितरणच्या नियमांवर आधारलेली असते. बेळगाव जिल्ह्यातला ग्राहक मात्र हेस्कॉमचा, म्हणजे हुबळी वीजपुरवठा कंपनीचा आहे, आणि त्याचे दर व नेट मीटरिंगच्या (वीज कंपनीच्या जाळ्यात दिलेली जादा वीज बिलात धरण्याच्या) अटी कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो. हुक्केरी तालुक्यात तर वीजपुरवठा हुक्केरी ग्रामीण विद्युत सहकारी संघाकडे आहे, त्यामुळे तिथल्या उद्योजकाने पहिली चौकशी त्याच कार्यालयात करावी. ज्यांचे एक युनिट मच्छेत आणि दुसरे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत आहे, त्यांनी दोन्हींची आखणी पूर्णपणे वेगळी करावी. अंतर अर्ध्या तासाचे असले तरी दरपत्रक, अर्ज आणि उरलेल्या युनिटांचा हिशोब दोन राज्यांचे आहेत, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला लावल्यास गणित चुकतेच.

पहिली पायरी: बारा बिलं आणि एक वही

बिलावरचा आर. आर. नंबर (जोडणीचा क्रमांक), दरवर्गवारी आणि मंजूर भार या तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्याव्यात. दुकान, हॉटेल, कार्यालय यांची वर्गवारी साधारणपणे एलटी-३ असते (एलटी म्हणजे लघुदाब), कारखान्याची एलटी-५, आणि उच्चदाबाच्या उद्योगाची एचटी-२. त्यानंतर प्रत्येक महिन्याचे युनिट, स्थिर आकार, ऊर्जा आकार, इंधन समायोजन, पेन्शन व ग्रॅच्युइटीचा अधिभार आणि वीज कर वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत. बिल कन्नडमध्ये असल्यामुळे अनेकजण शेवटची रक्कम तेवढी पाहतात आणि कागद फाइलला लावतात. ज्याला रकाने वाचता येतात अशा माणसाला एकदा शेजारी बसवून बारा महिन्यांचा तक्ता करून घ्यावा. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

या तक्त्याचे महत्त्व असे की सौरवीज सगळे बिल कमी करत नाही. स्थिर आकार हा किलोवॅटमागे, उच्चदाबाला केव्हीएमागे, लागतो आणि तो छपरावर कितीही पॅनेल बसवले तरी जवळपास तसाच राहतो. युनिटवर लागणारे आकार आणि त्यांच्यावरचा कर तेवढा वाचतो. कोटेशनमध्ये मात्र बिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागून 'तुमचा दर आठ रुपये' असे लिहिलेले सर्रास आढळते. हा आकडा खोटा नाही, पण या कामासाठी निरुपयोगी आहे, कारण त्यात न वाचणारा स्थिर आकारही मिसळलेला असतो. कर्नाटकात अलीकडच्या दर आदेशांमध्ये उद्योगांचा युनिटचा दर उतरला आणि स्थिर आकार चढला, त्यामुळे या दोन आकड्यांतली दरी पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे. आपला 'वाचणारा दर' स्वतः काढावा आणि प्रत्येक कंत्राटदाराला तोच धरून परतफेडीचा हिशोब पुन्हा करून मागावा. असा हिशोब करून मागितल्यावर मशीन शॉपच्या त्या चार कोटेशनांपैकी दोन परत आलीच नाहीत.

वेळेनुसार दर लागत असेल तर आणखी एक रकाना लागतो. २०२३ साली केंद्राने ग्राहक हक्क नियमांत जी दुरुस्ती केली, तिची दिशा अशी आहे की सौर तासांतला दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि संध्याकाळचा जास्त असावा. पॅनेलं वीज देणार ती नेमकी दिवसाच्या तासांत, म्हणून बचत मोजताना त्याच तासांचा दर धरावा.

दुसरी पायरी: दिवसाचा वापर वेगळा काढणे

आठ दिवस रोज सकाळी ९ ला आणि संध्याकाळी ५ ला मीटरवरचे वाचन वहीत लिहावे. उच्चदाब ग्राहकाला मीटरमधली तासागणिक नोंद मिळू शकते, तिने काम अधिक सोपे होते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीचे वाचनही विसरू नये.

या साध्या नोंदींतून अनपेक्षित चित्र निघते. बेळगावात फौंड्री आणि हायड्रॉलिक्सचे उद्योग मोठ्या संख्येने आहेत, आणि ज्या फौंड्रीत इंडक्शन फर्नेस रात्रपाळीत चालते तिचे बिल लाखांत असूनही दिवसाचा वापर माफक असतो. तिथे बिलाच्या आकारावरून प्रकल्प ठरवणे ही सरळ चूक ठरते. मंगल कार्यालयाचा भार लग्नसराईपुरता आणि त्यातही संध्याकाळचा. याउलट शीतगृह, दूधप्रक्रिया, मिठाईचा कारखाना, रुग्णालय, पेट्रोल पंप यांचा भार दिवसभर संथ चालू असतो, आणि सौरविजेला याहून चांगला ग्राहक नाही. वडगाव, शहापूर, खासबागेतल्या ज्या विणकरांना यंत्रमागासाठी सरकारी सवलतीची वीज मिळते, त्यांनी कर्ज काढून पॅनेल बसवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. जी वीज आधीच स्वस्तात मिळते ती वाचवून कर्जाचा हप्ता फिटत नाही, आणि मागावर पोट असलेल्या घराला हा हप्ता जड जातो.

तिसरी पायरी: क्षमता आणि पैशांचे गणित

आपल्या भागात एक किलोवॅट पॅनेलं वर्षाला साधारण १,३५० ते १,४५० युनिट देतात असे धरावे, म्हणजे दिवसाला सरासरी चार युनिटच्या थोडे आत. पण या सरासरीवर विसंबू नये. मार्च-एप्रिलच्या स्वच्छ उन्हात मिळणारे उत्पादन जुलैत निम्म्याच्या आसपास येते. शिवाय पाऊस जिल्ह्यात सारखा पडत नाही: कणकुंबी-जांबोटीकडे आभाळ आठवडेच्या आठवडे उघडत नाही, तर अथणी-रायबागकडे त्याच महिन्यात तुलनेने जास्त ऊन असते. म्हणून खानापूरच्या काजू कारखान्याने खालचा आकडा धरावा आणि अथणीच्या गोदामाने वरचा.

एक उदाहरण घेऊ. मंजूर भार ६० किलोवॅट, महिन्याचा वापर ७,५०० युनिट, त्यातला सकाळी ९ ते ५ मधला ५,२००, कामाचे दिवस २६; म्हणजे कामाच्या दिवशी दिवसाउजेडीचा वापर २०० युनिट. इथे ४० किलोवॅट पुरेसे आहेत, कारण ते सरासरी १५० च्या पुढे युनिट देतील आणि भर उन्हाळ्यातही बहुतेक वीज कारखान्यातच खपेल. वर्षाचे ५६,००० युनिट धरले आणि सुट्ट्यांमुळे ८,००० युनिट बाहेर गेले, तर ४८,००० युनिट स्वतःसाठी वापरले जातील. वाचणारा दर समजा साडेपाच रुपये आणि बाहेर गेलेल्या युनिटला समजा तीन रुपये मिळाले, तर वर्षाची बचत २ लाख ८८ हजार रुपये होते. किलोवॅटला ४५ हजारांप्रमाणे खर्च १८ लाख. देखभालीला वर्षाला वीसेक हजार बाजूला काढले तर करलाभ सोडून परतफेड पावणेसात वर्षांच्या आसपास येते. याच कारखान्याला 'आठ रुपये' दर लावून आणि सगळे युनिट स्वतःचेच वापरले असे मानून चार वर्षांची परतफेड कागदावर दाखवता येते. पॅनेलांच्या उत्पादनाची हमी पंचवीस वर्षांची असते, त्यामुळे पावणेसात वर्षांचा व्यवहारही उत्तमच आहे. पण कर्जाची मुदत चार वर्षांची घेतली असेल तर चारही वर्षे हप्ता बचतीपेक्षा मोठा राहील, आणि छोट्या उद्योगाची ओढाताण इथूनच सुरू होते.

७५ किलोवॅटचे कोटेशन का नको, हेही यातून कळते. जादा वीज जाळ्यात देऊन मिळणारा दर आपण भरतो त्याहून बराच कमी असतो, म्हणून दिवसाच्या स्वतःच्या वापरापलीकडचे प्रत्येक किलोवॅट प्रकल्पाची परतफेड लांबवते. शिवाय केंद्राच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार नेट मीटरिंगची मर्यादा मंजूर भार किंवा ५०० किलोवॅट, यातील जे कमी असेल ती आहे. केवळ मोठा प्रकल्प बसावा म्हणून मंजूर भार वाढवून घेतला तर स्थिर आकार दरमहा वाढतो, हे विसरता कामा नये.

अनुदानाबद्दल दोन ओळी पुरेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतले ७८ हजार रुपयांपर्यंतचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. दुकान किंवा कारखान्याच्या मीटरवर ते मिळत नाही, आणि ते मिळवून देतो असे सांगणाऱ्याशी पुढे बोलू नये.

उद्योगाला खरा आधार करात आहे. सौर संयंत्रावर ४० टक्के घसारा मिळतो. संयंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल तर पहिल्या वर्षी निम्मा, म्हणजे २० टक्के मिळतो आणि बाकीचा पुढच्या वर्षांत. वरच्या उदाहरणात पूर्ण वर्षाचा घसारा ७ लाख २० हजार होतो, आणि ३० टक्के कर भरणाऱ्याचा त्यातून २ लाख १६ हजारांचा कर वाचतो. जे व्यापारी अनुमानित उत्पन्न पद्धतीने कर भरतात त्यांना घसारा वेगळा मागता येत नाही, म्हणून त्यांनी हा लाभ हिशोबात धरू नये. जीएसटीमध्ये २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्याचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. साहित्य व उभारणी एकत्र असलेल्या कंत्राटात ७० टक्के रक्कम साहित्याची आणि ३० टक्के सेवेची धरतात, त्यामुळे एकूण भार ८.९ टक्के पडतो. कोटेशनवर अजून १३.८ टक्के लिहिलेले असेल तर ते दुरुस्त करून घ्यावे. नोंदणीकृत उद्योगाने भरलेल्या करापैकी जेवढे क्रेडिट घेतले तेवढ्यावर पुन्हा घसारा घेता येत नाही. हे आपल्या सी.ए. कडून आधीच जुळवून घ्यावे.

चौथी पायरी: छप्पर

इथे घाई करू नये, कारण पॅनेल पंचवीस वर्षे राहायचे आहे आणि खालचे छप्पर कदाचित दहाच वर्षांचे सोबती असते.

साधारण ५५० वॉटचे एक पॅनेल सव्वादोन मीटर लांब, एक मीटरहून थोडे रुंद आणि २८ ते ३२ किलो वजनाचे असते. पत्र्याच्या शेडवर उताराला समांतर बसवल्यास किलोवॅटला साठ-सत्तर चौरस फूट पुरतात. स्लॅबवर दक्षिणेकडे तोंड करून १५ अंशांच्या आसपास कलवल्यास रांगांमधली मोकळी जागा धरून शंभर चौरस फूट लागतात. शेडचे वजन पेलणे हा प्रश्न अर्धाच आहे, दुसरा अर्धा वाऱ्याचा आहे. एप्रिल-मे मधला आपल्याकडचा वळीव कसा येतो हे सांगायला नको. त्याचा वारा छपराच्या कडा आणि कोपरे खालून उचलतो. म्हणून कडेपर्यंत पॅनेल भरू नयेत, पत्र्याखालच्या पर्लिन, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या, कुठे आहेत ते पाहून तिथेच आधार घ्यावा, आणि भारतीय मानक आय.एस. ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे वाऱ्याचा हिशोब केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सहीचा कागद कंत्राटाला जोडून घ्यावा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर माणसाने पाऊलही टाकू नये. तो पत्रा ठिसूळ असतो, आणि त्यातून खाली पडून माणसे दगावतात. अशा शेडवर आधी पत्रे बदलण्याचा खर्च धरावा, नाहीतर स्वतंत्र खांबांवर सांगाडा उभारावा.

स्लॅबला ड्रिलने भोके पाडून अँकर ठोकण्याची पद्धत आपल्या पावसात महागात पडते. खानापूर रस्त्यावरच्या एका गोदामात मी जुलैत गेलो होतो, तेव्हा अँकरच्या भोकांखाली बरोबर रांगेने बादल्या मांडलेल्या होत्या आणि पाणी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर ठिबकत होते. काँक्रीटचे वजनी ठोकळे वापरावेत, किंवा आधी पेडेस्टल (छोटे ओटे) बांधून, त्यावर वॉटरप्रूफिंग करून, एक पाऊस पाहून मग सांगाडा चढवावा. लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज केलेले असावे. घाटाकडच्या दमट हवेत नुसता रंग दोन पावसाळे टिकत नाही.

सावलीची तपासणी डिसेंबरच्या उत्तरार्धात, सकाळी ९ ते दुपारी ३ च्या दरम्यान करावी. त्या दिवसांत भर दुपारीही सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून ५१ अंशांच्या आतच असतो, म्हणजे एक मीटर उंचीचा दक्षिणेकडचा कठडा दुपारी बाराला ८० सेंटिमीटरहून लांब सावली टाकतो, आणि सकाळी ९ ला त्याहून पुष्कळ लांब. पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर, शेजारचा माड आणि शेजारच्या प्लॉटवर पुढे उठू शकणारा मजला, या चारही गोष्टी नकाशावर नोंदवाव्यात.

जागा भाड्याची असेल तर मालकाशी छपराच्या वापराचा लेखी करार निदान कर्ज फिटेपर्यंतच्या मुदतीचा असावा, आणि वीज जोडणी कोणाच्या नावावर आहे हे त्याआधी पाहावे. अर्ज जोडणीधारकाच्या नावाने जातो, आणि उतारा किंवा खात्यावर वडिलांचे नाव अजून तसेच असेल तर पहिले दोन महिने त्यातच जातात.

पाचवी पायरी: यंत्रणेतल्या ज्या गोष्टी कोटेशनमध्ये नसतात

जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर करंट गेला की स्वतःही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ती व्यवस्था आवश्यकच आहे. जनरेटर चालू असताना सौरवीज चालावी अशी इच्छा असेल तर दोघांना सांभाळणारा कंट्रोलर लागतो, जो जनरेटरवर साधारण ३० टक्के तरी भार राखतो. पावसाळ्यात जिथे रोज वीज जाते, तिथे हा खर्च पहिल्याच दिवशी धरावा.

पॉवर फॅक्टरचा प्रश्न तर बहुतेकांना दंड आल्यावर कळतो. पॅनेलं सक्रिय वीज देतात, पण मोटारींना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी रिॲक्टिव्ह वीज जाळ्यातूनच येत राहते, त्यामुळे मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर घसरतो आणि अधिभार लागतो. कॅपॅसिटर पॅनेलचा सी.टी. (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) कुठे बसला आहे ते तपासून घ्यावे, आणि इन्व्हर्टरमधली पॉवर फॅक्टरची सोय चालू करून घ्यावी.

अर्थिंगमध्ये आपला भाग दोन मातींचा आहे. खानापूरकडच्या जांभ्या दगडात अर्थिंगचा रोध खूप येतो, तिथे खड्डे जास्त आणि खोल लागतात. चिकोडी-गोकाककडच्या काळ्या मातीत रोध कमी, पण उन्हाळ्यात माती भेगाळून इलेक्ट्रोडभोवती पोकळी होते. डीसी, एसी आणि आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक यांचे अर्थ पिट वेगळे असावेत, आणि मे महिन्यात, माती सर्वांत कोरडी असताना, मोजून घेतलेले वाचनच खरे मानावे. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारी आणि सुताचा कापूस उडणारे कारखाने यांनी इन्व्हर्टर व डीसी जोडण्या मालाच्या खोलीत मुळीच ठेवू नयेत. वेगवेगळ्या बनावटीचे कनेक्टर एकमेकांत दाबून बसवले की सांधा तापतो, आणि सौरसंयंत्रांत लागणाऱ्या आगींचे ते एक ठरलेले कारण आहे.

पॅनेल केंद्राच्या एएलएमएम यादीतले, म्हणजे मान्यताप्राप्त मॉडेल व उत्पादकांच्या यादीतले, असावे, कारण त्याशिवाय नेट मीटरिंगला मान्यता मिळत नाही. यादीतले नाव, मॉडेल आणि प्रत्येक पॅनेलचा क्रमांक बिलावर घ्यावा.

सहावी पायरी: मंजुऱ्या आणि वेळापत्रक

अर्ज, तांत्रिक व्यवहार्यता, करार, मोठ्या क्षमतेसाठी विद्युत निरीक्षकांची नकाशा-मंजुरी, उभारणी, निरीक्षकांची तपासणी, दुतर्फी मीटरची एमआरटी (मीटर तपासणी) विभागात चाचणी आणि शेवटी जाळ्याशी जोडणी, हा क्रम आहे. २०२४ च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला व्यवहार्यता तपासणीविना मान्यता गृहीत धरली जाते आणि त्यावरच्या अर्जाची तपासणी १५ दिवसांत व्हायला हवी. प्रत्येक अर्जाची पोच तारखेसह घ्यावी. ही मुदत आपल्या हक्काची आहे आणि पोच हातात असली की ती ठामपणे मागता येते. करार कन्नड-इंग्रजीत असेल, तेव्हा सही करण्यापूर्वी तो मराठीत समजावून घ्यावा, विशेषतः उरलेल्या युनिटांचा दर आणि हिशोबाचा काळ ही दोन कलमे.

काम दिवाळीनंतर हाती घ्यावे. कोरड्या हवामानात छपरावरचे काम सुरक्षित होते आणि फेब्रुवारीत वीज सुरू झाली तर पहिलेच चार महिने उत्तम उत्पादनाचे मिळतात. त्या वर्षी घसारा निम्मा मिळेल, पण पूर्ण घसाऱ्यासाठी ऑक्टोबरची तारीख गाठायला पावसात ओल्या पत्र्यावर माणसे चढवण्यापेक्षा ते परवडते. कंत्राटदाराला रक्कम देताना दहा टक्के तरी नेट मीटर बसून पहिले बिल हातात येईपर्यंत राखून ठेवावी.

सुरू झाल्यावर

पॅनेल धुण्याचे वेळापत्रक कॅलेंडरवरून ठरत नाही, ते शेजारावरून ठरते. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या वाऱ्याखाली असलेल्या छपरावर बगॅसची काळी राख बसते. फौंड्रीशेजारी तेलकट काजळी बसते, जी नुसत्या पाण्याने जात नाही. एका फौंड्रीच्या छपरावर मी पॅनेलवरून बोट ओढले तेव्हा बोट काळे झाले आणि काचेवर स्पष्ट रेघ उमटली. त्या रांगेचे उत्पादन शेजारच्या धुतलेल्या रांगेपेक्षा ॲपवर ठळकपणे कमी दिसत होते. अशा ठिकाणी आठवड्याला, इतरत्र पंधरवड्याला, आणि नेहमी ऊन चढायच्या आत, मऊ ब्रशने व कमी क्षाराच्या पाण्याने धुवावे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग एकदा काचेत धरले की निघत नाहीत. त्यासाठी छपरावर नळ, चालण्याची पट्टी आणि कंबरेचा पट्टा अडकवायची दोरी, या तिन्ही गोष्टी मूळ कंत्राटातच मागून घ्याव्यात. जांबोटी-खानापूरकडे माकडांचा वावर असेल तर पॅनेलांना आणि मोकळ्या केबलींना जाळी-पाइपाचे संरक्षण द्यावे, आणि संयंत्राचे नाव आगीच्या विमा पॉलिसीत वेगळे लिहून घ्यावे.

पहिली तीन बिलं पुन्हा त्याच वहीत उतरवावीत. मीटरचे आयात व निर्यात वाचन बिलावर बरोबर आले आहे का, पॉवर फॅक्टर घसरला आहे का, आणि इन्व्हर्टरने दाखवलेल्या युनिटांतून निर्यात वजा केल्यावर उरणारा आकडा बिलातल्या घटीशी जुळतो का, हे पाहावे. जुळत नसेल तर तिसऱ्या बिलाची वाट न पाहता दुसऱ्याच बिलाची प्रत आणि इन्व्हर्टरच्या नोंदींचा कागद घेऊन सेक्शन ऑफिसमध्ये लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच वहीला टाचून ठेवावी.